भार देवावर, निर्णय कुणाचा?

आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी, रात्रीचे कीर्तन आटोपल्यावर, एक माळकरी गृहस्थ आमच्या राहुटीपाशी येऊन बसले. वय साठीच्या आतबाहेर, वारी तीस वर्षांची, कधी न चुकलेली. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून मग हळूच म्हणाले, "माऊली, एक विचारायचं होतं. धाकटा भाऊ वारला, त्याला चार वर्षं झाली. जमीन वडिलांची, म्हणजे दोघांची. पण सातबाऱ्यावर नाव माझं एकट्याचं लागलंय. भावजय दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाते. तिचं नाव लावावं असं मन म्हणतं. पोरं म्हणतात, आता कशाला उकरून काढता? मी आपला सगळा भार देवावर टाकलाय. दोन चिठ्ठ्या लिहून आणल्यात. पादुकांपुढं टाकू का?"

आम्ही दिवसभराच्या चालीने थकलो होतो. आम्ही म्हणालो, "नाम घ्या, देव बुद्धी देईल." गृहस्थ पाया पडून समाधानाने निघून गेले. त्यांना झोप लागली असेल. आम्हांला मात्र लागली नाही. आमचे उत्तर खोटे नव्हते. परंतु ते अपुरे होते, आणि त्या अपुरेपणात आमची सोय होती, हे आम्हांला कळत होते. त्या रात्रीपासून एकच प्रश्न मनात घोळत राहिला. देवाला शरण गेलेल्या माणसाने निर्णय करावयाचा असतो की नसतो? भार देवावर टाकला म्हणजे निर्णयही त्याच्यावरच टाकला, असे होते काय?

हा प्रश्न आपल्याच संप्रदायाचा आहे असे नाही. शरणागती जेथे जेथे आहे तेथे तेथे तो उभा राहतो. ख्रिस्ती धर्मातील भक्तांनी तो फार बारकाईने सोडविण्याचा यत्न केला आहे. म्हणून या खेपेस आम्ही त्यांच्याकडील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्याची माळ त्याच्या गळ्यात. कुणाचे मत बदलावे हा आमचा हेतू नाही. शेजाऱ्याच्या अंगणातील दिव्याने आपली वाट दिसली तर पाहावी, इतकेच.

येशू ख्रिस्ताच्या चरित्रात आरंभापासूनच निर्णयाचे प्रसंग आहेत. गालील सरोवराच्या काठी कोळी जाळी टाकीत आहेत. येशू त्यांना आपल्यामागे या म्हणतो, आणि ते जाळी तिथेच टाकून निघतात. पुढे एक श्रीमंत तरुण येतो. तो चांगला आहे, आज्ञा पाळणारा आहे. येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. पण जे आहे ते विकून गोरगरिबांना दे आणि मग माझ्यामागे ये, असे म्हणताच तो खिन्न होऊन निघून जातो. ध्यानात घ्या, त्याने "नाही" असे कुठेही म्हटलेले नाही. तो फक्त निघून गेला. येशूने त्याला हाक मारून परत बोलावले नाही, की हाताला धरून ओढले नाही. देवाने माणसाला जे स्वातंत्र्य दिले ते देव स्वतःही मोडीत नाही, हे येथे दिसते. आणि निर्णय न करणे हाही एक निर्णयच असतो, हेही दिसते.

आता शरणागतीचे पाहा. वधाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो. हा दुःखाचा पेला टळला तर टळो, असे तो आधी स्पष्टपणे मागतो. आणि मग आपली इच्छा बाजूला ठेवून पित्याची इच्छा पत्करतो. येथील क्रम महत्त्वाचा आहे. त्याला स्वतःची इच्छा नव्हती असे नाही. ती त्याने ओळखली, बोलून दाखविली आणि नंतर स्वखुशीने अर्पण केली. जो आपले मन काय म्हणते हेच पाहत नाही, तो देवाला अर्पण तरी काय करणार? रिकामे ताट पुढे करून नैवेद्य दाखविल्यासारखेच ते होईल. तात्पर्य, शरणागती म्हणजे निर्णयातून सुटका नव्हे. शरणागती हाच माणसाचा सर्वांत मोठा निर्णय होय.

"मग चिठ्ठ्यांचे काय?" असे आमचे माळकरी विचारतील. ख्रिस्ती ग्रंथांतही चिठ्ठ्यांची एक गोष्ट आहे. बारा शिष्यांपैकी यहूदाने घात केला आणि एक जागा रिकामी झाली. तेव्हा उरलेल्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थिया निवडला गेला. परंतु त्याआधी त्यांनी काय केले? माणूस कसा हवा, तो प्रथमपासून बरोबर असलेला हवा, हे ठरविले, त्या कसोटीला उतरणारी दोन माणसे निवडली, प्रार्थना केली, आणि दोघेही सारखेच योग्य राहिले तेव्हा चिठ्ठी टाकली. विचार करण्याचे काम त्यांनी चिठ्ठीवर सोपविले नव्हते. त्याच ग्रंथात पुढे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरल्याची कथा येते, आणि तिच्यानंतर शिष्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख कुठे येत नाही. पुढे जेव्हा मोठा वाद उभा राहिला, तेव्हा ते यरुशलेमेत जमले, बोलले, भांडले, ऐकून घेतले आणि ठरविले. अंतरात देव आला तो विचार बंद पाडायला नव्हे, विचार शुद्ध करायला आला, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

या शुद्ध विचाराची रीत ज्याने नीट मांडली तो संत इग्नेशियस लोयोला. हा मूळचा स्पेनमधील बास्क प्रांताचा लढवय्या गडी, मानपानाचा भुकेला. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. महिनोन् महिने बिछान्यावर पडून राहावे लागले. वेळ जाईना म्हणून त्याने शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होते ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. तेच वाचीत पडला. मधूनमधून सरदारकीची स्वप्ने पाही, मधूनमधून संतांसारखे व्हावे असे मनात आणी. दोन्ही वेळा गोडच वाटे. पण एके दिवशी एक भेद त्याच्या ध्यानात आला. मानाच्या स्वप्नांचा गोडवा स्वप्न सरताच ओसरे आणि मागे मन कोरडे पडे. संतांच्या विचाराचा गोडवा मात्र विचार सरल्यावरही मागे टिके. एवढ्याशा निरीक्षणातून एका मोठ्या साधनेचा उगम झाला. पुढे त्याने 'आध्यात्मिक व्यायाम' नावाचे छोटेसे पुस्तक रचले. पोपने १५४८ साली त्याला मान्यता दिली. त्याच्या येशूसंघाची स्थापना त्याआधीच, १५४० साली झाली होती. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांनी मराठीत सुमारे ११,००० ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली छापले गेले. ओवीला इतका मान देणाऱ्या माणसाच्या गुरूचे दोन शब्द ऐकायला आपल्याला हरकत नसावी.

इग्नेशियसची पहिली गोष्ट अशी की, जेथे दोन्ही बाजू चांगल्या किंवा निदान निर्दोष असतील तेथेच निवड करावयाची असते. बरे आणि वाईट यांच्यामध्ये निवड नसते. तेथे फक्त करावयाचे उरते. हे वाक्य आमच्या मनाला फार लागले. त्याचे कारण शेवटी सांगू.

दुसरी गोष्ट, निवडीपूर्वी मन तराजूच्या काट्यासारखे मध्ये असावे. आधी पारड्यात आपली आवड टाकून ठेवली, तर मग वजन कशाचे होणार? पुष्कळ लोक आधी आपले ठरवितात आणि मग देवाला त्या ठरावावर सही करायला बोलावितात. आपण देवाकडे जावयाचे सोडून देवानेच आपल्या ओढीकडे यावे, असे त्यांना वाटते. इग्नेशियसने हा दोष नेमका पकडला आहे.

तिसरी गोष्ट, मन कोरडे, उदास, अंधारलेले असेल तेव्हा आधी शुद्ध मनाने केलेला निश्चय बदलू नये. अंधारात वाट बदलणारा हमखास चुकतो. ज्याने घाटात पावसाने झोडपल्यावर "पुढल्या वर्षी वारी बंद" असे म्हटले असेल आणि चंद्रभागेत पाय ठेवताच ते शब्द विसरला असेल, त्याला हा नियम वेगळा समजवायला नको.

चौथी गोष्ट म्हणजे दोन साध्या युक्त्या. एक अशी की, आपला प्रश्न घेऊन कुणी अगदी अनोळखी माणूस आपल्याकडे आला आहे असे समजावे, त्याचे आपल्याला बरेवाईट काही नाही, पण त्याचे कल्याण व्हावे एवढीच इच्छा आहे. त्याला आपण काय सांगू? तेच स्वतः करावे. दुसरी अशी की, आपण मरणाच्या बिछान्यावर आहोत असे समजावे. त्या वेळी आज काय केलेले असावे असे वाटेल? तेच आज करावे.

कुणी म्हणेल, ही सारी मठातल्या माणसांची तत्त्वे. प्रपंचात, शेतीभातीत ती टिकतात काय? म्हणून एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो.

ऑस्ट्रिया देशात सांक्ट राडेगुंड नावाचे एक लहान खेडे आहे. तेथे फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा शेतकरी होता, जन्म १९०७ चा. तरुणपणी दांडगट, मारामारीत पुढे. गावात पहिली मोटारसायकल त्यानेच आणली. १९३६ साली फ्रान्झिस्का या मुलीशी त्याचे लग्न झाले. लग्नानंतर दोघे रोमच्या यात्रेला गेली, आणि हळूहळू हा माणूस पालटला. तीन मुली झाल्या. पुढे तो गावच्या चर्चची देखभालही करू लागला. १९३८ च्या आरंभी त्याला एक स्वप्न पडले. डोंगराला वळसा घालून एक सुंदर आगगाडी येते आहे, मुले काय, मोठी माणसे काय, सगळी तिच्याकडे धावत आहेत. आणि तेवढ्यात कुणीतरी सांगते की ही गाडी नरकाला चालली आहे. त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि एप्रिलमध्ये त्यावर लोकांचे मत घेतले. गावात विरोधी मत देणारा हा एकटाच. पुढे सरकारी मदत, गारपिटीनंतरची भरपाईसुद्धा त्याने घेतली नाही.

युद्ध सुरू झाले. १९४० साली त्याला सैन्यात बोलावून थोडे शिक्षणही दिले, मग शेतीसाठी परत पाठविले. त्या काळात त्याने पाहिले, वाचले, विचार केला. हे युद्ध अन्यायाचे आहे; त्यात बंदूक धरून आपण देवापुढे उभे राहू शकत नाही, असे त्याच्या मनाने घेतले. पण त्याने तेवढ्यावर धाव ठोकली नाही. त्याने गावच्या धर्मगुरूंना विचारले. लिंत्सच्या बिशपांकडे गेला. बिशपांनी सांगितले की तुझ्यावर बायकामुलांची जबाबदारी आहे. सरकारच्या करणीचा जाब तुला नाही. आप्तेष्टही तेच म्हणाले. १९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा बोलावणे आले. १ मार्चला तो छावणीत हजर झाला आणि आपण लढणार नाही असे त्याने सांगितले. जखमींची शुश्रूषा करायला मात्र तो तयार होता. ते कुणी ऐकले नाही. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनमधील लष्करी न्यायालयाने त्याला देहदंड सुनावला, आणि ९ ऑगस्ट रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. वय छत्तीस. मुली सहा वर्षांच्या आतल्या.

युद्ध त्याने थांबले नाही. त्याचे नावही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. पुढे, १९९७ साली, ती शिक्षा न्यायालयाने रद्द ठरविली, आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्स येथे चर्चने त्याला धन्य म्हणून गौरविले. ज्या लिंत्समध्ये त्याला "घरी जा" म्हटले गेले, तेथेच.

वाचक हो, येथे आमचे मन अडते, आणि तुमचेही अडले असेल. निर्णय त्याने केला, पण किंमत कुणी भरली? फ्रान्झिस्काने. तीन लेकरांच्या आईने शेत ओढले. नवऱ्यामागे चर्चचे काम तिने केले. गावात कुणी म्हणत, हिनेच त्याला धर्माचे वेड लावले. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या बायकांना मिळणारे वेतन तिला १९५० पर्यंत मिळाले नाही. मग हा भक्तीचा निर्णय की एका माणसाचा हट्ट?

असेच एक घर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा भाव होता. त्यांच्या या निर्णयाने लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. त्यानंतरचा काही काळ त्या आपल्या पंढरपुरातही राहिल्या. नवरा जिवंत असून नाही, अशी ती स्थिती. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते दुःख सांगायला नको. पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळे, आपला स्वयंपाक त्यांनी निराळा ठेविला. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला, आणि तो सुटला तेव्हाच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा निर्णय त्यांनी नुसता अंगावर ओढून घेतला नाही. त्यांनी आपला स्वतःचा निर्णय केला. त्या कुठल्या धर्मात गेल्या यापेक्षा हे आम्हांला मोठे वाटते.

फ्रान्झिस्काचेही तसेच. प्रथम तिनेही नवऱ्याला वळविण्याचा यत्न केला. पण त्याच्या मनाचा तळ दिसल्यावर ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. साऱ्या जगाने सोडलेल्या माणसाला आपणही सोडले असते तर त्याला कोण होते, असा तिचा विचार. तो नवऱ्याचा हुकूम नव्हता. तो तिचा निर्णय होता. २००७ सालच्या त्या सोहळ्यात चौऱ्याण्णव वर्षांची ही माऊली हजर होती, आणि वयाची शंभरी गाठून २०१३ साली ती गेली.

आपल्यालाही हे नवे नाही. तुकोबांनी वह्या इंद्रायणीत सोडल्या, कर्जखते बुडविली असे आपण सांगतो, तेव्हा चुलीपाशी जिजाई होती हे विसरून चालणार नाही. एकाच्या निर्णयाचे ओझे घरातल्या दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. हे टळत नाही. मग हट्ट आणि निर्णय ओळखावा कसा? आम्हांला चार खुणा दिसतात. हट्टी माणूस विचारीत नाही. येगरश्टेटर सर्वांना विचारीत होता. हट्टी माणूस घाई करतो. त्याने वर्षे घेतली. हट्टी माणसाला मधली वाट नको असते. त्याने शुश्रूषेची वाट स्वतःहून पुढे केली. आणि हट्टी माणूस दुसऱ्यांना दोष देतो. ज्या गावकऱ्यांनी बंदूक धरली त्यांना त्याने पापी ठरविले नाही. जाब देवापुढे आपला आपण द्यावयाचा, एवढेच तो म्हणत होता. या खुणांनीही किंमत चुकत नाही, फ्रान्झिस्काचे कष्ट हलके होत नाहीत. निर्णय शुद्ध असला म्हणून तो स्वस्त असतो, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. परंतु निर्णय न करण्याचीही किंमत असतेच. ती बहुधा दुसराच कुणी मुकाट्याने भरीत असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आता त्या मुक्कामावर परत येऊ. चार वर्षे आमच्या माळकऱ्यांनी "देवावर भार" टाकला होता. त्या चार वर्षांत भार खरोखर कुणावर होता? दुसऱ्याच्या बांधावर खुरपे घेऊन वाकलेल्या त्या भावजयीवर. देवाने तो उचलला नव्हता, कारण देवाने उचलावा असा तो नव्हताच. तो या गृहस्थांच्या हातात होता. त्यांच्यापुढे दोन वाटा नव्हत्या. नवऱ्यामागे त्याच्या हिश्श्यावर त्याच्या विधवेचा हक्क असतो, हे कायद्यानेही ठरलेले आहे आणि त्यांच्या मनानेही. बरे आणि वाईट यांच्यात चिठ्ठी नसते. एक चिठ्ठी पादुकांपुढे टाकण्याजोगीच नव्हती, आणि दुसरी टाकण्याची गरज नव्हती. ती घेऊन तलाठ्याकडे जावयाचे होते.

हे आम्ही त्या रात्री सांगावयास हवे होते. कदाचित ते रागावले असते. कदाचित पोरांचे नाव पुढे केले असते. पण "देव बुद्धी देईल" असे म्हणून आम्ही त्यांना त्यांच्या चार वर्षांत पाचवे वर्ष घालून दिले. बुद्धी देवाने केव्हाच दिली होती. "मन म्हणतं" असे ते स्वतःच म्हणाले होते. आम्ही ते ऐकूनही ऐकले नाही. निर्णय टाळण्याचा दोष त्यांच्याइतकाच आमचाही होता. तो येथे सर्वांसमक्ष कबूल करतो.

ते गृहस्थ आमचे वाचक आहेत की नाहीत, ठाऊक नाही. असतील तर त्यांनी हा लेख आमचे राहिलेले उत्तर समजावे. आणि नसतील, तर ज्यांच्या घरात अशी एखादी घडी केलेली चिठ्ठी देव्हाऱ्यात पडून आहे, त्यांनी ती एकदा उघडून वाचावी. अनोळखी माणूस आला असता तर त्याला काय सांगितले असते? शेवटच्या दिवशी काय केलेले असावेसे वाटेल? एवढे दोनच प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तर आले, की मग नाम घ्यावे आणि उठावे. ठरविलेले करण्यास बळ हवे, ते मागण्यासाठी देव आहे. कमरेवर हात ठेवून तो उभा आहे, तो आपण पाऊल टाकण्याची वाट पाहत, असे आम्हांला वाटते.

रामकृष्णहरि.